कमलच्या साडीवरची गुलाबी झाक

सुदाम,

तुला जाऊन सतरा दिवस झाले. जलदान विधीला मी आलो होतो. मागे उभा राहिलो, जेवलोही. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते; तुझ्या कानावर पडलं असतं तर तू कंटाळून बाहेर गेला असतास आणि विडी पेटवली असतीस. एकजण म्हणाला, शाळेच्या ग्रुप फोटोत शंभर पोरांचे डोळे उघडे ठेवावेत तर सुदामने. दुसरा म्हणाला, ब्रशने रंग भरावा तर त्यानेच. सगळं खरं. पण रंगीत फिल्मबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि तो निघू नये म्हणून मी तिथे देव पाण्यात घालून बसलो होतो.

कमलच्या लग्नाचा रोल का बिघडला, हे तू पाच वर्षं शोधलंस. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढं आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला सांभाळून घेईन, याची मला खात्री आहे. मास्तर लोकांना ती खोड असतेच.

आपली ओळख तुझ्या एका प्रश्नाने झाली. तू शाळेत फोटो काढायला आला होतास, आणि पोरं रांगेत उभी राहत होती तेवढ्यात माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिलास. म्हणालास, "मास्तर, तुमचा काटा खरा हाये का?" मला आधी राग आला. मग कळलं की तुला अर्धा ग्रॅम अचूक मोजून हवा होता. त्या काळात जालन्यात कुणी रंगीत रोल काढलाच तर तो मुंबईला पाठवायचा, महिनाभर वाट बघायची आणि जे येईल ते मुकाट्याने घ्यायचं. तुला तो घरी धुवायचा होता. कुठून तरी तू इंग्रजी पुस्तकाची पानं हाताने उतरवून आणली होतीस, अर्ध्या शब्दांचे स्पेलिंग चुकलेले, पण आकडा एकही चुकलेला नव्हता. मी त्याच दिवशी तुझ्या उद्योगात सामील झालो. खरं सांगायचं तर मला शाळेत फार कंटाळा येत होता.

रंगाचं वेड तुला कशामुळे लागलं, ते मला नंतर कळलं. कमलला स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा तू बहिणीचा फोटो काढलास आणि नेहमीप्रमाणे ब्रशने रंगवलास. गिऱ्हाइकाला जे लागतं तेच केलंस, चेहरा दोन बोटं उजळ. ती काळीसावळी, ठसठशीत मुलगी. तिने तो फोटो हातात घेतला, बघितला आणि परत तुझ्या टेबलावर उपडा ठेवला. म्हणाली, "दादा, ही कोन हाये? हिला बघून ते हो म्हनतेन, अन् घरी मी जाईन." तू हसण्यावारी न्यायला गेलास तर ती म्हणाली, "मला एकदा माझ्या रंगात काढ. मंग काय बी कर." हे सगळं मला तूच सांगितलंस. तू तिला कबूल केलं होतंस की लग्नात खऱ्या रंगाने काढीन, ब्रश लावणार नाही.

माणसाचा रंग खरा आला की नाही हे ओळखायची तुझी रीत मला अजून थक्क करते. तू चेहरा बघतच नसायचास. तू म्हणायचास, आधी पांढरं शोधा. पांढरं पांढरं आलं की बाकीचे आपोआप बराबर येतेत. पहिल्या चाचणीला आपण पांढऱ्या ताटात चार मोसंब्या ठेवल्या होत्या. प्रिंट सुकल्यावर मी मोसंब्यांवर खूष झालो, आणि तू ताटाच्या काठाकडे बोट दाखवून म्हणालास, इथं निळं मारून राह्यलंय. मला काही दिसेना. तू तो प्रिंट कोऱ्या कागदाशेजारी धरलास, आणि तेव्हापासून मला जगात एकही पांढरी वस्तू नीट पांढरी दिसत नाही. माझ्या शाळेच्या भिंती, बायकोने धुतलेली चादर, सगळ्यावर कसली तरी झाक असते. हे तू मला दिलंस. याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, उलट वैताग झालाय असं सांगत राहिलो.

मग फिल्टरांचा धडा. प्रिंट गुलाबी आला तर गुलाबी फिल्टर कमी करायचा, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. तू म्हणालास, उलटं. जो रंग नको तोच वाढवायचा, निगेटिव्हचा कारभार उफराटा असतो. काट्याने काटा काढायचा, म्हणालास. मी विज्ञानाचा मास्तर, मी कागदावर आकृती काढून तुला खोटं ठरवायला बसलो आणि अर्ध्या तासाने तूच खरा निघालास. त्यावरून तू मला कितीदा चिडवलंस, त्याला काही हिशेब नाही.

कमलचं लग्न ठरलं ते बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात. सोयरीक घनसावंगीची. तुमच्या गल्लीतच मांडव घातला होता. तुमच्यात बौद्ध पद्धतीने नवरानवरी पांढऱ्या कपड्यात असतात, आणि तुझी पंचाईत तीच होती. आमच्या लग्नात हळद, कुंकू, शालू, जरी, एवढा गोंधळ असतो की रंग थोडा हलला तरी कुणाला पत्ता लागत नाही. तुमच्या मांडवात पांढरी साडी, पांढरा सदरा, मागे पांढरा पडदा. चोरी लपायला जागा नाही. तू मात्र त्यावर खूष होतास. म्हणालास, कमलला बराबर काढायला याच्यापेक्षा चांगलं काय पाह्यजे.

बारा फोटोंचा एकच रोल मिळाला होता. तुझ्या चुलत्याने तुला बाजूला घेऊन सांगितलं की हा मुंबईला धाड, लग्न काय दोनदा व्हत न्हाई, अन् त्या मास्तरला तर ह्यात घेऊच नको. मी पडद्याच्या पलीकडे उभा होतो. तू म्हणालास, "मास्तरच्या हातून माप चुकत न्हाई." एवढंच म्हणालास आणि कॅमेरा घेऊन मांडवात गेलास.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी तुझ्याकडे आलो. ऊन वाढायच्या आत काम उरकायचं होतं, कारण पाणी अर्धा अंशही तापलेलं चालत नव्हतं. तू आतल्या कोंदट खोलीत, अंधारात, रोल धुवायच्या छोट्या बंद टाकीत भरत होतास. बाहेरच्या खोलीत बल्बखाली मी औषधं तयार करत होतो. ब्लीचची बाटली आधी करून ठेवली. त्याचे लाल खडे पाण्यात विरघळले की पिवळे होतात, आणि त्याचा थेंब जरी डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या औषधात, गेला तरी सगळं बिघडतं, हे मीच तुला शिकवलं होतं. म्हणून तुझा नियम होता: मापाचा गिलास तीन पाण्याने धुवायचा. प्रत्येक वेळी नवं पाणी, आणि धुतलेलं फेकून द्यायचं.

ते पाणी माझ्याने फेकवलं नाही. त्या उन्हाळ्यात टँकरला दोन दोन तास रांग होती. तुझी माय त्या रांगेत उभी राहायची, मी येता जाता बघायचो. आमच्या राजूरकडच्या घरीही लोक बाजेवर बसून आंघोळ करायचे आणि खालचं पाणी पुन्हा वापरायचे. ब्लीच कालवलेलं भांडं विसळलेलं पाणी एका बादलीत होतं. बल्बच्या पिवळ्या उजेडात ते स्वच्छ दिसलं. मी गिलास त्यात बुडवला, हलवला, काढला. पुन्हा बुडवला. पुन्हा. आतून तू विचारलंस, "मास्तर, गिलास तीनदा धुतला का?" मी म्हणालो, "धुतला." तीनदाच धुतला होता, सुदाम. एकाच पाण्यात. मग त्याच गिलासात मी डेव्हलपर मोजला.

उजाडल्यावर मी ती बादली अंगणात लिंबाच्या रोपाला घालायला नेली. उन्हात ते पाणी पिवळं होतं. लपवण्यासारखं फिकट नव्हे, चांगलं पिवळं. तू आत टाकी हलवत होतास, मिनिटं मोजतानाचा तुझा आवाज ऐकू येत होता. मी पाणी रोपाला घातलं आणि आत येऊन तुझ्या शेजारी उभा राहिलो.

पहिला प्रिंट सुकला तेव्हा तू तो कोऱ्या कागदाशेजारी धरलास. कमलच्या साडीवर गुलाबी झाक होती, आणि चेहऱ्यावर, केसांत, डोळ्यांखाली हिरवी. तू गुलाबी फिल्टर वाढवलास, साडी पांढरी झाली आणि चेहरा प्रेतासारखा झाला. मग हिरवं काढायला गेलास, चेहरा जरा बरा झाला आणि साडी आणखीच गुलाबी झाली. उजेडात एक रंग, सावलीत दुसरा. असा दोष कुठल्याही फिल्टरने निघत नाही, हे तुलाही माहीत होतं. तरी तू पुडकंभर कागद घालवलास. मी तुला कागद देत होतो.

तेव्हा मी का बोललो नाही, ते सांगतो. मला वाटलं, कमल आहे ना. माहेरी येईल, पांढरी साडी नेसवू, पुन्हा काढू. एवढ्यासाठी तुझ्या चुलत्याला खरं कशाला ठरवायचं? ती आली तेव्हा फिल्म मिळाली नाही. पुढच्या वेळी ती दिवस गेलेली, थकलेली होती, म्हणाली, आता न्हाई, बाळंत झाले की दोघांचा काढ. घनसावंगीहून जीप यायला उशीर झाला. कमल गेली, बाळही गेलं. त्यानंतर कुठल्या तोंडाने बोलणार होतो?

तू मात्र त्यानंतरच खरा शोधाला लागलास. रोज स्टुडिओ बंद केला की तेच. फिल्म जुनी होती का, म्हणून त्याच तारखेची दुसरी मिळवलीस. ती चांगली निघाली. पाण्यात क्षार होते का, म्हणून विहिरीचं, टँकरचं, पावसाचं, तिन्ही पाण्यांनी धुऊन बघितलंस. मुद्दाम दोन अंश गरम केलंस. मुद्दाम वेळ वाढवलास. मीच तुला सांगितलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, म्हणजे दोष सापडतो. तू तसंच केलंस, माझ्यापेक्षा नेटाने. प्रत्येक रोल चांगला येत होता, कारण आता गिलास मी तीन पाण्यांनी धूत होतो. दोष पुन्हा येतच नव्हता, मग सापडणार कसा? काचेपासून बर्फापर्यंत तू सगळ्यांवर संशय घेतलास. माझ्यावर एकदाही नाही. मी वाट बघायचो की तू विचारशील. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय.

शेवटी तू म्हणालास की सगळं तपासून झालंय, आता एकच राहिलं. "लग्नाच्या दगदगीत त्या दिवशी माझाच हात चुकला, मिनिटं मोजायला चुकलो असंन." मी तुझ्यासमोर चहा पीत बसलो होतो. मी म्हणालो, होतं असं, मनाला लावून घेऊ नको. सुदाम, हे वाक्य मी उच्चारलं आहे.

त्याच निगेटिव्हवरून तू साध्या कागदावर काळापांढरा प्रिंट काढलास आणि ब्रशने रंगवलास. तीन आठवडे लागले तुला. चेहरा बिलकुल उजळ केला नाहीस, मला तर ती हुबेहूब वाटली. तुझ्या मायने तो फोटो दाराच्या उजेडात नेऊन बराच वेळ बघितला. म्हणाली, "चांगला हाये. पन हा तुझा रंग हाये बाबा, तिचा न्हाई." दुसऱ्या दिवशी तू रंगीत औषधांच्या बाटल्या माझ्या शाळेत आणून दिल्यास, पोरांना कामी येतील म्हणून. त्यानंतर आपण रंगीत फिल्मचं नाव काढलं नाही. तू कमी बोलायला लागलास. गिऱ्हाईक म्हणेल तेवढा चेहरा उजळ करून द्यायला लागलास. त्यावरून मी तुला एकदा टोमणा मारला, आणि तू म्हणालास, मास्तर, खरा रंग मला जमत न्हाई, मंग खोटा तरी नीट जमू द्या. मी वाद घातला. तत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या तुला, मी.

अजून एक राहिलंय. माझे वडील गेले तेव्हा तू राजूरला आला होतास, त्यांचा जुना फोटो मोठा करून घेऊन. आमच्या घरात तुला चहा दिला तो वळचणीच्या निराळ्या कपात. तू तो प्यायलास, उठून स्वतः विसळलास आणि होता तिथे ठेवलास. मी बघत होतो. परतताना बसमध्ये तू फोटोच्या चौकटीबद्दल बोलत राहिलास, आणि मीही चौकटीबद्दलच बोललो.

परवा मी तुझ्या घरी गेलो. कुसुमवहिनी अंधाऱ्या खोलीचा काळा पडदा धुऊन दोरीवर टाकत होत्या. माय दारात बसली होती, तिला आता फारसं दिसत नाही. मी बसलो आणि सगळं सांगितलं. बादली, गिलास, मी "धुतला" म्हणालो ते, उन्हात दिसलेलं पिवळं पाणी. मला वाटलं होतं, वहिनी रडतील किंवा झालं गेलं म्हणतील. त्यांनी पडदा पूर्ण पसरवला, टोकं ओढून नीट केली आणि मग माझ्याकडे वळल्या.

"हे मला काहून सांगून राह्यले भाऊजी?" त्या म्हणाल्या. "पाच वर्षं शोधून मंग ते सोताच्या हाताला शिव्या देत व्हते. झोपेत मिनिटं मोजायचे. त्यांना सांगायचं व्हतं. मी काय करू आता हे घेऊन?"

मी मायकडे वळलो. म्हणालो, माय, तुम्ही टँकरवर उभ्या राहायच्या, तुमचे हाल मला बघवत नव्हते, म्हणून मी पाणी वाचवलं. हे बोलताना मला स्वतःची थोडी कीवही आली. इतकी वर्षं याच एका गोष्टीवर मी तग धरून होतो, की चूक झाली ती दयेपोटी झाली.

माय म्हणाली, "तुमच्या साळंत गिलास कितीदा धुवायचे, मास्तर? त्या सालात?"

तीनदा धूत होतो, मी म्हणालो. शाळेच्या हौदातलं पाणी तळाशी गेलं होतं, तरी तीनदा, नव्या पाण्याने. प्रयोगशाळेचा नियम होता तो.

"मंग आमच्याच घरी काहून?" माय म्हणाली. "म्या दोन घागरी भरून ठिवल्त्या. सुदामनं सांगितल्तं, माय, कमलच्या फोटोला लागन. आदल्या रातीपासून कुनाला हात लावू दिला न्हाई म्या. तुमच्या पाठीमागंच व्हत्या. तुमाला वाटलं, ह्यांच्याकडं कुठून असंन पानी. पानी मागून तरी पाहायचं व्हतं, बाबा. पानी व्हतं."

मी उठलो. वहिनींनी बस म्हटलं नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो तरी मागे वळून बघायची हिंमत झाली नाही, आणि तेव्हापासून दोन दिवस मी हा कागद समोर घेऊन बसलोय. माफी मागायला नाही. ती देणारा तूच होतास, आणि तुझ्यासमोर पाच वर्षं बसून मी चहा प्यायलो. वहिनी म्हणाल्या तुला सांगायचं होतं, तेवढं उशिरा का होईना करतोय.

सुदाम, त्या दिवशी तू मिनिटं बरोबर मोजली होतीस. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो, एकही चुकलं नव्हतं.